डिजिटलचे सेट कपाटात का गेले?

मागे ऐकू येतंय ना? बरं. आयोजकांनी मला विषय दिला होता 'हॅम रेडिओची ओळख', म्हणजे हौसेखातर वायरलेसवर बोलण्याच्या छंदाची, पण मी तो विषय जरा वाकडा करून घेतलाय, कारण ओळख तुम्हाला यूट्यूबवर मिळेल आणि समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी लायसन्सवालेच दिसतायत, त्यांना परत एकदा मार्कोनीपासून ऐकवायचं म्हणजे छळ आहे. तर आज डिजिटल व्हॉइसबद्दल बोलू. म्हणजे आवाज आकड्यांत बदलून रेडिओवर पाठवण्याच्या पद्धती, डी-स्टार, डीएमआर, फ्यूजन ही सगळी मंडळी. ठाणे-नवी मुंबईत मी ज्या हॅम लोकांना ओळखतो त्यातल्या बऱ्याच जणांकडे असा एक तरी सेट आहे, आणि त्यातले बहुतेक सेट बंद पडून आहेत. बिघडलेले नाहीत हां, नुसतेच बंद.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. हॅम होण्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची परीक्षा द्यावी लागते, मग कॉलसाइन मिळतं, जनरल ग्रेडला व्हीयू-टू आणि रिस्ट्रिक्टेडला व्हीयू-थ्रीने सुरू होणारं. ते मिळेपर्यंत बटण दाबायचं नाही, विषय संपला.

आता हे डिजिटल नेमकं करतं काय. साध्या एफएममध्ये तुमचा आवाज जसाच्या तसा लहरीवर बसतो. डिजिटलमध्ये आवाज जात नाही, आवाजाचं वर्णन जातं. सेटमधली व्होकोडर नावाची चिप दर २० मिलिसेकंदाला बघते की पट्टी काय आहे, कुठल्या भागात स्वर आहे, कुठे नुसता फुसकारा आहे, आणि ते आकडे पाठवते. पलीकडची चिप त्या आकड्यांवरून नवा आवाज बनवते. डी-स्टारमध्ये अख्खी गाडी सेकंदाला ४८०० बिटची, त्यातले ३६०० आवाजाला आणि त्याच्या दुरुस्तीला, उरलेले १२०० डेटाला. एवढ्याशा जागेत माणूस ओळखू येतो ही कमालच आहे, त्याला नावं ठेवणारा मी नाही. पण ही चिप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहे. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या शेजारी बसून डीएमआरवर बोला आणि मधेच कुकरची शिट्टी होऊ द्या. चिप त्या शिट्टीतसुद्धा बोलणं शोधते, आणि पलीकडच्याला ऐकू येतं ते काहीतरी बुडबुडत गुरगुरणारं, त्यात तुमचं निम्मं वाक्यही जातं. एफएमवर तीच शिट्टी शिट्टीसारखी ऐकू आली असती आणि समोरचा म्हणाला असता, काय आज आमटी का.

सिग्नल कमी झाल्यावरही तेच. एफएममध्ये खरखर वाढत जाते, तुम्ही कान लावून नाव-गाव काढून घेता. डिजिटल शेवटपर्यंत काचेसारखं स्वच्छ आणि मग एकदम तुकडे. पण मला नाही वाटत लोक आवाजाच्या दर्जामुळे सोडून गेले. तेवढ्याने हॅम माणूस सोडत नाही हो, हीच माणसं एसएसबी या जुन्या ॲनालॉग पद्धतीवर बदकासारखे आवाज तासन्‌तास ऐकतात.

पहिलं कारण सगळ्यांना माहितीये, तंबू. डी-स्टार जपानच्या जेएआरएल या हॅम संघटनेने काढलं आणि आयकॉम कंपनीने पुढे रेटलं, डीएमआर मुळात २००५ सालचं युरोपातलं व्यावसायिक वॉकीटॉकीचं स्टँडर्ड, आणि २०१३ च्या सुमारास येसू कंपनीने फ्यूजन आणलं. तिघांचं एकमेकांशी थेट काही जमत नाही. तुमच्याकडे आयकॉम, शेजारच्या बिल्डिंगमध्ये येसू, गच्चीवरून एकमेकांना हात दाखवू शकता पण डिजिटलवर बोलू शकत नाही. मग काय करतात, दोघं एफएम लावतात! त्यात आतली चिप बंद पेटी. आपल्याकडे हैदराबादच्या अशर फरहान यांचं बिटएक्स, म्हणजे घरी जोडायचा सेट, किती जणांनी घरी सोल्डर करून वाजवलं, चुकलं तर कुठला ट्रान्झिस्टर गेला ते शोधता येतं. एएमबीई या व्होकोडर चिपच्या आत काय चाललंय ते तुम्ही बघूच शकत नाही, इतकी वर्षं ते पेटंटखाली होतं.

पण माझं मुख्य म्हणणं वेगळं आहे आणि त्यासाठी मी हा सेट आणलाय. हा डीएमआर हँडी, म्हणजे हातात धरायचा सेट. समजा कोणीतरी आत्ता याच फ्रिक्वेन्सीवर बोलतोय. बघा काय होतं... हिरवा दिवा लागला. आवाज? नाही. दिवा सांगतोय की सिग्नल आलाय, समोर माणूस बोलतोय, आणि स्पीकर गप्प. कारण कलर कोड नावाचा ओळख-आकडा जुळायला हवा, टाइम स्लॉट, म्हणजे दोनपैकी कुठली पाळी, तो जुळायला हवा, आणि तो ज्या टॉकग्रुपवर, म्हणजे गप्पांच्या गटावर, बोलतोय तो माझ्या रिसीव्ह यादीत हवा. यातलं एक जरी चुकलं तरी मी बहिरा. काही सेटमध्ये सगळं ऐकण्याची सोय असते पण ती मेनूत कुठे पुरलीये ते मॅन्युअल लिहिणाऱ्यालाही आठवत नसेल. ही सगळी माहिती आधी कॉम्प्युटरवर भरायची, त्याला म्हणतात कोडप्लग, आणि नवीन मुलगा सेट घेतो तेव्हा पहिला आठवडा तो कोणाशी बोलतच नाही, कोडप्लगशी भांडत बसतो. शेवटी ९९९० वर पॅरट लावतो, स्वतःचाच आवाज परत ऐकतो, खूश होतो. आणि त्यातले कितीतरी तिथेच थांबतात.

रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेलं, आलेला सिग्नल पुन्हा जोरात पाठवणारं यंत्र. आणि साध्या एफएमचा, ॲनालॉग रिपीटर म्हणजे आपला ठाण्याच्या तलावपाळीचा कट्टा. दोघं गप्पा मारतायत, पाच जण नुसते ऐकतायत, त्यातला एक अँटेनाचा विषय निघाला की मधे तोंड घालतो. रेडिओचा छंद त्या ऐकणाऱ्या पाच जणांवर चालत आलाय. एसडब्ल्यूएल, म्हणजे शॉर्टवेव्ह लिसनर, म्हणून आपल्याकडे मोठी परंपरा आहे, आधी वर्षभर नुसतं ऐकायचं, सीक्यू, म्हणजे 'कोणी आहे का' अशी हाक, कसा देतात, सिग्नलचा रिपोर्ट कसा देतात, भांडण कसं मिटवतात, आणि मग परीक्षा. जुन्या हॅमना विचारा, निम्मे असेच आलेत, कोणाचं तरी बोलणं चुकून कानावर पडलं आणि चिकटले. डिजिटल व्हॉइसने हा चुकून कानावर पडण्याचा प्रकारच बंद केला. कोणी मुद्दाम नाही केला, सोय म्हणूनच केला. नको ते ऐकू येऊ नये ही व्यावसायिक वॉकीटॉकीची गरज, सिक्युरिटीवाल्याला हाउसकीपिंगचं ऐकायचं नसतं. हॅमला मात्र नको तेच ऐकायचं असतं ना!

मग आले हॉटस्पॉट, हँडीला इंटरनेटशी जोडणारे. रास्पबेरी पाय हा इवलासा कॉम्प्युटर, त्यावर डिजिटल सिग्नल हाताळणारा एक छोटा एमएमडीव्हीएमचा बोर्ड, त्यात पाय-स्टार हे सॉफ्टवेअर, डबीएवढी वस्तू. हे बनवणाऱ्यांचं मला खरंच कौतुक आहे, सगळं फुकट वाटलंय त्यांनी. आणि सोय तर काय, खारघरला चौदाव्या मजल्यावर, सोसायटीने गच्चीवर काठीसुद्धा लावू दिलेली नाही अशा माणसाला हँडीवरून न्यू जर्सीतला मराठी माणूस खणखणीत मिळतो. (सोसायटी आणि अँटेना हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आमच्या कमिटीतल्या एका काकांना अजून वाटतं की माझ्या तारेमुळे त्यांचा टीव्ही खराब होतो, त्यांच्याकडे केबल आहे.) पण हिशोब बघा. त्या डबीची पॉवर साधारण १० मिलिवॅट. म्हणजे रेडिओ लहर गेली बेडरूमपासून हॉलपर्यंत, पुढचा सगळा प्रवास ब्रॉडबँडवर. खाली रस्त्यावरून दुसरा हॅम गाडीतून गेला तरी त्याला पत्ता लागणार नाही की वर कोणी हॅम राहतो. अशी माणसं वाढत गेली आणि रिपीटरवर शुकशुकाट. मग एक दिवस त्या माणसाच्या मनात येतं की हे सगळं इंटरनेटवरूनच जायचंय तर व्हॉट्सॲप कॉल काय वाईट, त्यात तोंडही दिसतं. इथेच सेट कपाटात जातो.

इंटरनेट नसेल तर डबी आंधळी. २६ जुलै २००५ इथल्या बहुतेकांना आठवत असेल, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, मोबाइल कसे बसले होते ते मी सांगायला नको. अशा वेळी डीएमआर सेट सेटशी थेट बोलतो, नाही असं नाही, पण कोडप्लगमध्ये ते चॅनल आधीच भरून ठेवलेलं हवं आणि ते कोणी भरत नाही.

खरी गरज आपल्या भूगोलाची आहे. घोडबंदर रोडवरून बोरिवली सरळ रेषेत जेमतेम दहा-बारा किलोमीटर, पण मधे येऊरचा डोंगर, हँडीने लागत नाही. खालून बोगदा खणतायत गाड्यांसाठी, आमच्या व्हीएचएफ लहरींना त्याचा उपयोग शून्य. याउलट खाडीकडे तोंड करा, ऐरोली, वाशी आरामात. म्हणजे उंचावर चालू रिपीटर पाहिजे आणि त्यावर ऐकणारी माणसं पाहिजेत.

आता कोणी म्हणेल, काका, तुम्हाला डिजिटलच नको. चूक. एफटी-८ बघा. २०१७ मध्ये आलं, करणारे जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके, त्यातले टेलर १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेलवाले, पल्सारवाले. पूर्ण डिजिटल, आवाज नाहीच, १५ सेकंदांचे छोटे संदेश, गोंगाटाच्या खाली दबलेला सिग्नलसुद्धा काढतं. मला व्यक्तिशः ते कोरडं वाटतं, नाव-गाव-हवापाणी काही नाही. पण १४.०७४ मेगाहर्ट्झवर जाऊन बघा किती गर्दी आहे. का? कारण सॉफ्टवेअर फुकट, कुठल्याही कंपनीचा रिग चालतो, आणि तुमच्या पट्ट्यातले सगळे सिग्नल एकदम स्क्रीनवर उलगडतात. तुम्ही कोणाला बोलावलं नसलं तरी कोणी ऐकलं ते नकाशावर दिसतं. तेच कतारच्या क्यूओ-१०० उपग्रहाचं, २०१८ ला गेला, भूस्थिर आहे, मुंबईतून कायम दिसतो, टीव्हीच्या छत्रीने लोक त्यावर ऐकतात आणि तिथे साधं एसएसबी चालतं. लायसन्स नसलेल्या मुलांनी इंग्लंडच्या गुनहिलीचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरचा रिसीव्हर, ब्राउझरमध्ये उघडा, रात्री आशिया-आफ्रिका-युरोप एकाच पट्टीत ऐकू येईल.

व्हॉइसमध्येही प्रयत्न चालू आहेत. २०१९ मध्ये पोलंडमधून एम-१७ सुरू झालं, त्यात ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रोव यांचा कोडेक-२ हा व्होकोडर, पूर्ण उघडा, कोणीही आत डोकावू शकतो. कल्पना झकास आहे. पण बाजारात ढिगाने मिळणारे सेट त्यावर नाहीत, आणि खरं सांगायचं तर चौथा तंबू उभारून पहिल्या तिघांचा प्रश्न सुटेल का, मला शंका आहे.

एक चिठ्ठी आलीये. "मग नवीन माणसाने कुठला सेट घ्यावा?" साधा एफएम घ्या. ड्युअल बँड, १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ चालणारा, आणि उरलेल्या पैशात चांगली अँटेना आणि कोॲक्स केबल, हँडीबरोबर येणारी रबराची शेपटी फार कामाची नसते. ज्यांच्याकडे डीएमआर आहे त्यांनी विकायची घाई करू नका, येईल त्या भावात जाईल. त्यात एफएम असतंच. चार-पाच ॲनालॉग चॅनल भरा, जवळचा रिपीटर उघडणारा टोन टाका, स्कॅनला लावून स्वयंपाकघरात ठेवा, शिट्टीची काळजी नाही. कोडप्लगची केबल हरवली असेल तर चहानंतर मला भेटा, माझ्याकडे दोन आहेत, परत मात्र आणून द्या. आणि वर्षभर चार्ज केलेला नसेल तर आधी मागचं झाकण काढून बॅटरी फुगलीये का ते बघा.