पाठीला विचारून गाडी घ्या

नमस्कार श्रोतेहो.

नवी गाडी घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न असतो किमतीचा आणि दुसरा ॲव्हरेजचा. आज मी तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे. सलग दोन तास चालवून उतरल्यावर तुमची कंबर, मनगटं आणि मान कशी असेल? साडेतीनशे ते साडेचारशे सीसीची, ताठ बसून चालवायची मोटारसायकल घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा, असं माझं ठाम मत आहे. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी बरीच वर्षं वापरून आता जरा मोठी, आरामाची गाडी हवी, अधूनमधून पुण्याहून कोल्हापूरला किंवा नाशिकहून धुळ्याला जाता आलं पाहिजे, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे बोलणं आहे.

आपल्याकडे मोटारसायकल कुठल्या रस्त्यांवर चालते ते आधी बघू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. समृद्धी महामार्गावर प्रवेश नाही, अटल सेतूवरही नाही. म्हणजे मोटारसायकलवाल्याचा महाराष्ट्र म्हणजे खंडाळ्याचा जुना घाट, सातारा-कोल्हापूरचा हायवे, मुंबई-गोवा रस्ता, ताम्हिणी, कुंभार्ली, आंबोली, आणि मध्येमध्ये गावातून जाणारे रस्ते, गतिरोधकांसकट. इथे ताशी दीडशेची गाडी घेऊन करायचं काय? ऐंशी-नव्वदला निवांत चालणारी, घाटात डबलसीट न कुरकुरता चढणारी आणि खड्ड्यात पाठ सांभाळणारी गाडी हवी.

आता बसण्याकडे येऊ. हँडल, सीट आणि फुटरेस्ट, या तीन जागांमध्ये तुमचं शरीर अडकलेलं असतं. बहुतेक जण फक्त हँडल बघतात. हँडल उंच, म्हणजे गाडी आरामाची, असा समज पक्का झाला आहे. पण हँडल फार उंच आणि रुंद असेल तर हात सतत उचललेले राहतात आणि तासाभरात खांदे भरून येतात. खरा फरक पाडतात ते फुटरेस्ट. पाय पुढे लांब करून बसायच्या ज्या क्रूझर गाड्या आहेत, त्यांच्यावर शोरूममध्ये बसल्यावर फार बरं वाटतं. आरामखुर्चीत बसल्यासारखं. पण समोर खड्डा आला की खरी अडचण कळते. पाय पुढे असल्यामुळे तुम्हाला सीटवरून उठता येत नाही. सगळं वजन माकडहाडावर असतं आणि खड्ड्याचा दणका तिथून सरळ मणक्यात जातो. फुटरेस्ट साधारण कमरेच्या सरळ रेषेत खाली असतील, तर पायांवर जोर देऊन क्षणभर वर उठता येतं. मग तुमचे गुडघेच शॉकअपचं काम करतात.

म्हणून शोरूममध्ये एक गोष्ट नक्की करून बघा. गाडी डबल स्टँडवर लावायला सांगा. डबल स्टँड नसेल तर कुणाला तरी नीट धरायला सांगा. बसा, दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवा आणि हँडलला न ओढता, नुसत्या मांड्यांच्या जोरावर सीटवरून चार बोटं वर उठा. सहज उठलात, तर बैठक जमली. हँडलला लोंबकळावं लागलं, तर आपल्या रस्त्यांवर ती गाडी तुमच्यासाठी नाही. मग परत बसा, खांदे सैल सोडा, डोळे मिटून हात पुढे न्या. हात जिथे आपोआप जातात, तिथे मुठी सापडल्या पाहिजेत. कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. कोपर ताठ झालं तर समजा, हँडल तुमच्यापासून लांब आहे. अगदी नव्वद अंशात ताठ बसण्यापेक्षा कंबरेतून जरासं पुढे झुकलेलं बरं. तेवढ्यानेही मणक्यावरचा थोडा भार हातांकडे जातो, आणि मनगटांना तो जाणवतही नाही.

उदाहरणं घेऊ. रॉयल एनफिल्डची मीटिऑर 350 आणि क्लासिक 350, दोन्हींचं इंजिन एकाच 349 सीसीच्या घराण्यातलं. पण मीटिऑरची सीट 765 मिलिमीटरवर, फुटरेस्ट पुढे. क्लासिकची सीट 805 वर, फुटरेस्ट मध्यात. ज्यांची उंची कमी आहे ते साहजिकच मीटिऑरकडे वळतात, कारण पाय पूर्ण टेकतात. सिग्नलवर ते बरोबरच आहे. पण ज्यांना आधीच कंबरेचा त्रास आहे, त्यांना मी क्लासिक किंवा होंडाची हायनेस सीबी 350 आधी चालवून बघा असंच सांगेन. उंच माणसाची अडचण उलटी. सीट बुटकी असली की गुडघे जास्त दुमडतात आणि तासाभरात ठणकायला लागतात. अशा माणसाने एनफिल्डच्याच हिमालयन 450 वर बसून बघावं. तिची सीट 825 मिलिमीटरवर आहे आणि 845 पर्यंत वर घेता येते. पुढच्या-मागच्या सस्पेन्शनची हालचाल 200 मिलिमीटर. क्लासिकच्या पुढच्या फोर्कची 130. खराब रस्त्यावर हा फरक आकडे न वाचताही पाठीला कळतो.

सीटच्या उंचीबरोबर सीटची रुंदीही बघा. हे खास करून बहिणींना सांगतो, कारण त्यांना शोरूममध्ये उंचीचा आकडा दाखवूनच परत पाठवलं जातं. पुढे निमुळती होत गेलेली 800 ची सीट पाय टेकायला सोपी पडते, आणि पुढेही रुंद असलेली 790 ची सीट मांड्या फाकवून पाय अधांतरी ठेवते. दोन्ही पावलं पूर्ण टेकायलाच हवीत असंही नाही. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकत असतील तर सवयीने जमतं. त्याहून मोठा प्रश्न वजनाचा आहे. एनफिल्डचीच हंटर 350 आणि होंडाची हायनेस साधारण 181 किलोच्या, क्लासिक 195, हिमालयन 450 196. चालत्या गाडीला हे वजन जाणवत नाही. जाणवतं ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधून, उताराकडे तोंड करून लावलेली गाडी मागे ओढताना. घेण्याआधी गाडी बंद ठेवून, खाली उतरून, दहा पावलं मागे ढकलून बघा. लाजू नका, शोरूममधला मुलगा बघत असला तरी.

सीटच्या मऊपणावर भाळू नका. बोटाने दाबल्यावर खोल जाणारा फोम अर्ध्या तासात चेपतो, आणि मग तुम्ही खालच्या पत्र्यावरच बसलेले असता. जरा घट्ट वाटणारी सीट लांबच्या वाटेला साथ देते. पण हे पाच मिनिटांच्या चकरेत कळत नाही. शोरूमच्या कोपऱ्यावरून वळून परत येणं म्हणजे टेस्ट राइड नव्हे. निदान अर्धा-पाऊण तास मागा, त्यात एक खराब रस्ता आणि एक चढ असू द्या. नाही म्हणाले तर दुसऱ्या डीलरकडे जा, किंवा एक दिवस तीच गाडी भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत आणि गोव्यात अशा गाड्या भाड्याने मिळतात. अडीच-तीन लाखांच्या व्यवहारात एक दिवसाचं भाडं काहीच नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. एनफिल्डच्या साडेतीनशेच्या पिस्टनचा व्यास 72 मिलिमीटर आणि धाव, म्हणजे पिस्टन वर-खाली जितका सरकतो ते अंतर, 85.8. लांब धावेचं इंजिन खालच्या फेऱ्यांवरच, म्हणजे हळू फिरत असतानाच, जोर देतं. 27 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर मिळतो, त्यामुळे घाटात सारखा गिअर पाडावा लागत नाही. 2023 साली आलेली ट्रायम्फ स्पीड 400 बजाज आपल्या चाकणला बनवते. तिचा व्यास 89 आणि धाव 64. ताकद 40 पीएस, म्हणजे साधारण तेवढीच अश्वशक्ती, एनफिल्डच्या जवळपास दुप्पट, पण खरा जोर वरच्या फेऱ्यांवर. ओव्हरटेकला ती कितीतरी सोपी, मात्र इंजिन फिरतं ठेवावं लागतं. ज्याला निवांत चालवायचं आहे त्याला पहिला प्रकार मानवतो. इथे कराचाही हिशेब आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांवर 40 टक्के झाला. थर्ड पार्टी विम्याचा टप्पाही 350 सीसीलाच बदलतो.

आता मागे बसणाऱ्या माणसाबद्दल. गाडी चालवणारा निवडतो आणि पाठ दुखते मागच्याची, हे मला अजिबात पटत नाही. ज्या व्यक्तीला घेऊन तुम्ही फिरणार आहात, तिला शोरूममध्ये सोबत न्या आणि टेस्ट राइडला मागे बसवा. आई साडी नेसून एका बाजूला बसणार असेल तर तशीच बसवा. मागच्या सीटची लांबी पुरते का, धरायला कडी हाताशी येते का, पाय ठेवायला नीट जागा आहे का, साडी गार्ड चाक पुरेसं झाकतं का, हे तिने सांगायचं, तुम्ही नाही.

वाऱ्याचं एक लक्षात ठेवा. ताठ बसलं की छाती वाऱ्याला अडवते. ताशी ऐंशीवरून शंभरवर गेलात तर वेग पाव पटीने वाढतो, पण वाऱ्याचा रेटा दीडपटीहून जास्त होतो. मानेला आणि खांद्यांना तो पेलावा लागतो. काच लावणार असाल तर उंची बघून लावा, कारण बुटकी काच वारा थेट हेल्मेटवर सोडते आणि डोक्यात नुसता घोंघाट होतो. चाकांचं म्हणाल, तर तारांची चाकं दिसायला देखणी, पण त्यात बहुधा ट्यूब असते. घाटात रात्री पंक्चर झालं की ट्यूबलेस टायरचं अलॉय चाक किती कामाचं ते कळतं. एकटीदुकटीने फिरणाऱ्यांनी अलॉयच घ्यावं.

गाडी घरी आल्यावर आणखी एक काम राहतं, आणि ते शंभरात नव्वद जण करत नाहीत. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर कंपनीतून आले तसेच वापरतात. हात मुठीवर ठेवा आणि दोन बोटं लिव्हरवर. मनगट वर मुडपत असेल तर मेकॅनिककडून लिव्हरचा क्लँप सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवून घ्या, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत येईल. दोन मिनिटांचं काम आहे, पण हिंजवडीच्या रहदारीत तासभर क्लच दाबणाऱ्याची मनगटं त्यानेच वाचतात. मागच्या शॉकअपचंही तसंच. क्लासिकसारख्या गाड्यांना त्याचे सहा टप्पे असतात, खालची कडी अर्धगोल पान्याने फिरवायची. एकटे फिरणार असाल तर खालच्या टप्प्यावर ठेवा. डबलसीट आणि सामान घेऊन निघणार असाल तर आदल्या दिवशी दोन टप्पे वर घ्या आणि टायरमधली हवा पुस्तिकेत दोघांसाठी दिली आहे तेवढी भरा. पंधरा-वीस किलोमीटर त्यावर चालवून बघा. मागचा माणूस उडतोय म्हणाला तर एक टप्पा खाली, गाडी खड्ड्यात तळाला आपटली तर एक टप्पा वर.

नमस्कार.