उखळाचं बूड

मंडळी, रायगडावर राजवाड्याच्या भागात आपण हिंडतो तेव्हा भोवती जोती दिसतात. जोती भक्कम, पायऱ्या जागच्या जागी, पण वर काहीच नाही. वरचं काम लाकडाचं होतं. ते १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी लागलेल्या आगीत जळालं. दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावरच होत्या. १० मे रोजी गड कर्नल प्रॉथरच्या हाती गेला.

रायगडाचा कडा चढून कोणी वर आलं नव्हतं. कड्याला तोफेनं खिंडारही पडलं नव्हतं. मग इतका अवघड गड पडला कसा? आपले डोंगरी किल्ले रचले ते सरळ मारा डोळ्यांपुढे ठेवून. पायथ्याच्या लांब नळीच्या तोफेचा गोळा एक तर कड्यावर आपटतो, नाही तर गडाच्या डोक्यावरून पलीकडच्या दरीत जातो. तटाआडची माणसं, धान्य, दारूकोठार सगळं सुरक्षित. या हिशेबात एकच गोष्ट धरलेली नव्हती, आभाळातून खाली येणारा गोळा. उखळी तोफ नेमकं तेच करते. नळी आखूड, भिंती जाड, तोंड वर. गोळा उंच चढतो, वळतो आणि जवळजवळ उभा खाली येतो. गोळा पोकळ असायचा, आत दारू आणि भोकात लाकडी फ्यूज, म्हणजे हळू जळणारी वात. गोळ्याला हवेत किती वेळ लागेल ते बघून फ्यूज त्या मापाची कापायची. तोफ उडाली की तिच्याच जाळानं फ्यूज पेटायची.

त्याच वर्षी मार्चमध्ये कोराईगडाचं दारूकोठार असंच उडालं आणि गड पडला. सिंहगडाचा हिशेब तर पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये छापलेला आहे: १,४१७ स्फोटक गोळे आणि १८ पौंडी तोफांचे २,२८१ भरीव गोळे. २ मार्चला गड पडला. आत अकराशेची शिबंदी होती, त्यात सातशे गोसावी आणि चारशे अरब. ही माणसं लढायला कमी पडली असं मला कधीच वाटलं नाही. समोरून येणाऱ्या शत्रूशी लढता येतं. डोक्यावर रात्रंदिवस पडणाऱ्या लोखंडाशी लढायला त्यांच्या हातात काय होतं? मराठेशाहीच्या शेवटाबद्दल बोलताना आपण फितुरीची चर्चा तासन् तास करतो. या तोफांबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता या तोफेच्या बुडाकडे बघू. साधी तोफ उडाली की मागे धावते, म्हणून तिला गाडा लागतो, चाकं लागतात. उखळी तोफेचं तोंड वर, त्यामुळे तिचा धक्का बराचसा खाली, जमिनीत जातो. जमीन तो सोसते. पूर्वी तिला जाड लाकडाच्या बैठकीवर पक्की बसवत. कित्येक तोफा पंचेचाळीस अंशांवर कायमच्या जखडलेल्या असत आणि गोळा जवळ टाकायचा की लांब, ते दारू कमीजास्त करून ठरत असे.

१९१५ मध्ये विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज इंजिनिअरानं हे सगळं फार सोपं केलं. हा गृहस्थ क्रेन बनवणाऱ्या कारखान्यातला. त्यानं एक गुळगुळीत नळी घेतली, बुडाशी एक पक्की पिन ठेवली, पुढे दोन पाय आणि खाली लोखंडी पाट. बॉम्ब नळीत वरून सोडायचा. तो आपल्याच वजनानं घसरत पिनवर आदळतो आणि उडतो. धक्का पाट घेतो. खंदकातल्या दोन-तीन जणांना सुटे भाग खांद्यावरून नेता येतील असं हे हत्यार झालं. आजची ८१ मिलिमीटरची मॉर्टर, म्हणजे उखळी तोफच, त्याच घाटाची आहे. कारगिलला डोंगराच्या पलीकडच्या उतारावरचे मोर्चे गाठायला १२० मिलिमीटरच्या मॉर्टर होत्या.

घरातल्या उखळाचंही काम बुडावरच चालतं. कोकणातल्या जुन्या घरांत ते जमिनीत पुरलेलं असे. उखळ हललं तर मुसळाचा अर्धा जोर हलण्यातच जातो आणि कांडणाऱ्या बाईचे खांदे भरून येतात. भात कांडताना मुसळाचा घाव मधल्या दाण्यांवर बसतो, ते बाजूला सरकून गोल भिंतीवरून वर चढतात आणि पुन्हा मधे घसरतात. तूस निघतं ते मुख्यतः दाण्यावर दाणा घासून. म्हणून चांगलं उखळ आतून वाटोळं हवं. कोपरा राहिला की दाणे तिथे अडकतात. वैद्याच्या खलात घाव घालतच नाहीत, बत्ता फिरवतात. पारा आणि गंधक घोटून कज्जली, म्हणजे काळी भुकटी, करतात तेव्हा पाऱ्याची चमक पूर्ण जाईपर्यंत, निश्चंद्र होईपर्यंत, तासन् तास घोटणं चालतं.

आणि तोफेची दारूसुद्धा उखळातच कुटली जायची! सोरा, कोळसा आणि गंधक पाण्यानं ओले करून कुटायचे. युरोपात पाणचक्कीवर चालणारी मुसळं या कामाला होती. ती इतक्या वेळा उडाली, माणसं घेऊन उडाली, की १७७२ मध्ये इंग्लंडनं कायदा करून बहुतेक सगळ्या अशा गिरण्या बंद केल्या. पुढे मोठ्या दगडी चाकांखाली दारू घोटली जाऊ लागली.

शोभेच्या दारूतही हीच नळी आहे. तासगाव तालुक्यात कवठेएकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे औट नावाची शोभेची दारू उडते, ती बघायला दुरून माणसं येतात. मोठ्या शहरी आतषबाजीतला गोळा नळीत बसतो, खालची दारू त्याला फेकते आणि आतली वात मोजून वर पोचेपर्यंत जळते. ढोबळ हिशेब असा, की गोळ्याच्या दर इंच जाडीला शंभर फूट उंची. तीस सेंटिमीटरचा मोठा जपानी गोळा तीनशे मीटरच्या वर जातो. वर पोचून वेग संपतो त्या घटकेला फुटला तर फूल गोल. वात लांब राहिली तर फूल खाली येताना उमलतं आणि जळते तारे लोकांवर पडतात.

गोळा नळीतच फुटला तर नळी कशाची आहे यावर सगळं अवलंबून. लोखंडी पाइप फुटला की त्याच्या चिरफळ्या होतात आणि त्या बंदुकीच्या गोळीसारख्या जातात. म्हणून जाणकार कागदाच्या जाड नळ्या किंवा एचडीपीई या चिवट प्लास्टिकच्या नळ्या वापरतात, त्या वाळूत गाडतात किंवा मजबूत चौकटीत बसवतात. एक नळी कलली तर पुढचा गोळा गर्दीत जातो. जत्रा समितीतली मंडळी इथे बसली असतील तर त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कंत्राट देताना गोळे किती हे विचारता, तसं नळ्या कशाच्या आहेत आणि त्या कशात रोवणार हेही विचारा, आणि दुपारी उजेडात जाऊन ते स्वतः बघून या.