शेवटच्या थांब्यावरची मुलं

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या शाळेचा व्हरांडा सकाळी पावणेआठला पाहिला, की कुठली गाडी आली आणि कुठली नाही ते हजेरी न घेताच कळायचं. मुलं ओल्या छत्र्या उघड्या करून कठड्याशी ठेवत. प्रत्येक गावाची जागा ठरलेली. पहिल्या खांबापाशी शाळेच्या गावातल्या, मधे धरणाकडून येणाऱ्यांच्या, आणि अगदी टोकाला घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांवरून येणाऱ्यांच्या. टोकाची जागा रिकामी दिसली, की मी पाचवीत नवा धडा काढत नसे. उजळणी घ्यायची आणि कान रस्त्याकडे. मग साडेआठच्या सुमारास दाराशी चार भिजलेली पोरं उभी राहत. "टीचर, गाडी चुकली." पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत, छातीशी धरलेली, कोरडी. अंगावरचे कपडे मात्र पिळून काढावेत असे.

सत्तरीतल्या वाळपईचा पाऊस साऱ्या गोव्याला माहीत आहे. त्या पावसात एक-दोन व्हाळ, म्हणजे ओढे, ओलांडून ही मुलं आधी थांब्यावर येत आणि मग तिथून शाळेत.

मी २६ वर्षं सरकारी माध्यमिक शाळांत गणित शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं या एकाच शाळेत गेली. आठ-नऊ गावांना मिळून एक हायस्कूल. प्राथमिक शाळा जवळजवळ प्रत्येक गावात, पण चौथी संपली की सगळ्या वाटा इथंच यायच्या. आज मला बोलायचं आहे ते यातल्या सर्वांत लांबून येणाऱ्या मुलाविषयी. माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा शाळेचं वेळापत्रक, परीक्षा, सभा, सगळं त्या मुलाकडे बघून ठरवावं. शाळेच्या फाटकाशी राहणाऱ्या मुलाचं कसंही निभावतं.

माझी आई चौथी शिकली. गोवा १९६१ साली मुक्त झाला, १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी शाळा सुरू झाल्या. आमच्या गावची शाळा आधी देवळाच्या मंडपात भरायची. आई सांगायची, की पूजा असली की पाट्या उचलून वडाखाली बसायचं. चौथीनंतर मात्र तिच्यासाठी शाळा नव्हती. हायस्कूल नदीपलीकडे होतं आणि मुलीला तेवढं लांब कोण पाठवणार? ती हुशार होती. अडीचकी-औटकीसकट, म्हणजे अडीच आणि साडेतीनच्या पाढ्यांसकट, सगळे पाढे तिला शेवटपर्यंत पाठ होते. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तिनं एकच विचारलं, "तुमच्या शाळेत लांबची मुलं किती येतात?"

पुढं बरंच झालं. १९७५ मध्ये गोव्याचं स्वतःचं शालान्त मंडळ आलं. रस्ते झाले, साकव झाले. २००९ साली केंद्रानं माध्यमिक शिक्षणाचं अभियान आणलं, त्यात वस्तीपासून पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा हवी असं ठरलं. पण नकाशावरचे पाच किलोमीटर आणि डोंगराला वळसा घालून जाणारे पाच किलोमीटर यांत किती अंतर असतं, ते जुलै महिन्यात चालून पाहावं.

आता पाचवीकडे येते, कारण गोव्यात खरी नदी तिथंच ओलांडावी लागते. चौथीपर्यंत मूल मराठीत शिकतं. गावच्या शाळेत पंधरा-वीस मुलं आणि एक किंवा दोन शिक्षक. पाचवीला ते आमच्याकडे येतं आणि गणित, विज्ञान, इतिहास सगळंच इंग्रजीत होतं. मी इंग्रजीच्या विरोधात नाही. माझी मुलंही त्याच वाटेनं शिकली. पण ही वाट चढायला पायऱ्या लागतात आणि त्या शाळेनं बांधायच्या असतात, हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. पाचवीच्या पहिल्या चाचणीत टोकाच्या वाड्यावरच्या एका मुलाला मी वीसपैकी दोन गुण दिले. पेपर वाटले तेव्हा तो रडला नाही. नुसता पेपराकडे बघत राहिला. ते बघणं मला टोचलं, म्हणून मधल्या सुट्टीत मी त्याचा पेपर पुन्हा घेऊन बसले. नऊ गुणिले सहा, याचं उत्तर त्यानं लिहिलं होतं सहा. आठ अधिक सात, उत्तर अकरा. अशी ओळीनं सगळी चुकलेली. आणि एकदम माझ्या लक्षात आलं. मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठासारखा. इंग्रजी आकडे त्याला येत होते, पण परीक्षेच्या घाईत डोळ्यांनी जुनी सवय धरली. त्यानं एक गुणिले सहा केलं होतं, चार अधिक सात केलं होतं. त्याला जे आकडे दिसले, त्यांचं प्रत्येक उत्तर बरोबर होतं. श्रोतेहो, चूक माझी होती. पेपरावर दोन लिहून मी त्या मुलाला आठवडाभर मठ्ठ ठरवलं होतं.

त्यानंतर मी ऐकायला शिकले. आपण सत्तावीस म्हणतो तेव्हा सात आधी येतात आणि वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी, सात नंतर. म्हणून तोंडी आकडे सांगितले, की मुलं सत्तावीसचे बहात्तर लिहून ठेवतात. एकोणचाळीसचं तर विचारूच नका, चाळीसला एक कमी असं सांगणारी ती संख्या, मूल ती ऐकून चाळीसच्या घरात शिरतं. अंश-छेद, लसावि, परिमिती हे सगळं मुलाला येत असतं. फक्त त्याची नावं रातोरात बदललेली असतात. मग मी पाचवीच्या वर्गात फळ्याच्या डाव्या अंगाला एक पट्टी आखली आणि रोजचे नवे शब्द दोन्ही भाषांत लिहू लागले. दिवाळीपर्यंत ती पट्टी पुसायची नाही, असं शिपायालाही सांगून ठेवलं. पहिल्या चाचणीत प्रश्न मी मराठीतूनही वाचून दाखवी. काही जणांना ते पटलं नाही, मुलांना लाडावून ठेवता म्हणाले. पण चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुट्टीनंतर मागच्या बाकांवरचे हात वर व्हायला लागले.

दुसरी गोष्ट गाडीची. आमची शाळा दीडला सुटायची आणि वरच्या गावची गाडी सव्वाला निघायची. पुढची गाडी संध्याकाळी. म्हणून त्या गावची मुलं रोज शेवटचा तास अर्धा सोडून उठायची. दप्तर आवरल्याचा आवाज यायचा आणि कोणी काही बोलायचं नाही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. एका वर्षी दहावीचा निकाल समोर ठेवून बसले असताना दिसलं, की वरच्या गावची मुलं नेमकी विज्ञानात अडली होती. नववी आणि दहावी, दोन्ही वर्षं शेवटचा तास विज्ञानाचाच होता. त्या मुलांच्या डोक्यात विज्ञान कमी नव्हतं, त्यांना ते रोज वीस मिनिटं कमी मिळालं होतं. गाडीची वेळ बदलावी म्हणून अर्ज केले, पंचायतीचा ठराव जोडला. वेळ बदलायला तीन वर्षं लागली. तोवर हेडमास्तरांनी शेवटी चित्रकला आणि खेळ घातले. ते दोन्ही विषय त्या मुलांचे बुडाले, याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांतली एक मुलगी फार सुंदर चित्रं काढायची.

काजूच्या हंगामात पटावरची मुलं कमी दिसत, ते वेगळं सांगायला नको. घरात हात कमी असले की पहाटे काजू वेचायला मुलंच जाणार. त्यांना रागावून काही होत नाही.

आता ऐकते, की अशा शाळांचा पट उतरत चालला आहे. अनुदानित शाळांचे बालरथ, म्हणजे मुलांना नेणाऱ्या शाळेच्या बसगाड्या, दारापर्यंत येतात, मग आईबाप मुलाला साखळीच्या शाळेत का नाही पाठवणार? त्यांना दोष देऊ नका. त्यांनी शाळेआधी वाट निवडली आहे. पण ज्यांच्या दारापर्यंत कुठलंच वाहन जात नाही, त्यांच्याजवळ हीच एक शाळा आहे. पट कमी म्हणून ती बंद झाली, तर ती मुलं साखळीला जाणार नाहीत. ती घरी राहतील, माझी आई राहिली तशी.

पालक-शिक्षक संघाची सभा आम्ही नेहमी शाळेत दुपारी चारला घ्यायचो आणि वरच्या गावचं कोणी आलं नाही म्हणून हळहळायचो. एका वर्षी आम्हीच तिकडे गेलो. देवळाच्या मंडपात सभा घेतली. कामावरून परस्पर आलेल्या बायका, पदराला हात पुसत बसलेल्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, "टीचर, मला इंग्रजी येत नाही. पोर वहीत बरोबर लिहिते की चूक, मला कसं कळायचं?"

मी म्हटलं, "तिला आपल्या भाषेत समजावून सांगायला सांगा. तिला सांगता आलं, तर तिला कळलं."

ती बाई तिथंच मागं वळली आणि लेकीला हाक मारली. सहावीतली पोर. "सांग गं, काल काय शिकवलं?" मुलगी लाजली, मग माझ्या हातातला खडू घेऊन तिनं मंडपाच्या फरशीवर तीन गोल काढले. "ह्या तीन भाकऱ्या. जेवायला आपण चौघं." तिनं प्रत्येक भाकरीचे चार तुकडे केले आणि एकेकाच्या वाट्याचे मोजून दाखवले. "प्रत्येकाला तीन. म्हणजे तीन चतुर्थांश. टीचर त्याला थ्री बाय फोर म्हणतात."

आई वाकून त्या तुकड्यांवरून बोट फिरवत होती. तिनं ते पुन्हा एकदा मोजले.

नमस्कार.