मुळांतला मरून

मित्रहो, मरून म्हणजे लालात थोडा काळा मिसळलेला, असं आपण सहज म्हणतो. भिंतीच्या रंगापुरतं ते खरं आहे. कापडावरचा जुना मरून मात्र तसा होत नसे. त्यात रंगारी काळ्या रंगाला हातच लावत नाही. त्याच्याजवळ असतात मुळं, तुरटी आणि हिराकस. बाकी सगळं प्रमाणावर.

कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, मग तुरटीच्या. तुरटीतलं ॲल्युमिनियम धाग्यावर बसलं की कापड मंजिष्ठेच्या, म्हणजे लाल मुळांच्या एका वेलीच्या, मुळांच्या काढ्यात सोडायचं आणि आच हळूहळू वाढवायची. घाईनं खळाखळा उकळलं तर लाल तपकिरीकडे झुकतो. नुसत्या तुरटीवर लाल चढतो. हिराकशीत लोखंड असतं. नुसत्या तिच्यावर तोच काढा काळपट जांभळा होतो. दोन्ही मिळून दिली की मरून येतो, आणि हिराकस चिमूटभर इकडे-तिकडे झाली की त्याची छटा बदलते. कच्छमध्ये अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं नक्षीदार कापड, छापणारे खत्री कारागीर हेच ज्ञान ठशांनी वापरतात. तुरटी एका ठशानं, लोखंड दुसऱ्यानं. तुरटीचे ठसे कापडावर धड दिसतसुद्धा नाहीत. कढईतून कापड बाहेर येतं तेव्हा एकाच काढ्यातून लाल आणि काळा वेगवेगळे उमटलेले असतात. मला यात रंगशास्त्राचा कळस दिसतो.

लोखंडाचा हात सढळ झाला तर मात्र सूत कुजतं. जुन्या छिटांमध्ये, म्हणजे फुलाफुलांच्या छापील सुती कापडांत पाहा, फुलांचा लाल शाबूत असतो आणि भोवतालच्या गडद रेघा विरून तिथे कापडच उरलेलं नसतं. म्हणून चांगला मरून ही संयमाची परीक्षा होती.

ही विद्या किती जुनी? मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून सुती कापडाचा तुकडा टिकला होता. 1920 च्या दशकात त्याचं सूत आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत गुलाटी आणि टर्नर यांनी तपासलं. त्या कापडावरचा रंग मंजिष्ठेच्या वर्गातला निघाला.

आपल्याकडे मंजिष्ठेच्या जोडीला आल होती, म्हणजे बारतोंडीच्या कुळातलं झाड. वऱ्हाड-खानदेशाच्या काळ्या जमिनीत तिचं रीतसर पीक घेत. साधारण तिसऱ्या वर्षी जमीन खोल खणून मुळं काढायची. रंग असतो मुळाच्या सालीत, त्यामुळे बारीक मुळांना भाव जास्त. जाड मुळात लाकूडच फार. खारवा नावाचं जाडंभरडं, टिकाऊ लाल कापड या आलीनंच रंगे. रेशमी लुगड्यांची वर्णनं आपण पुष्कळ लिहून ठेवली. खारव्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. रोजच्या वापरातला रंग तो होता.

1868 मध्ये बर्लिनला ग्रेब आणि लीबरमान यांनी दगडी कोळशाच्या डांबरातल्या अँथ्रासीनपासून अलिझारिन बनवलं. युरोपातल्या मंजिष्ठेच्या मुळांतला मुख्य रंग तो हाच. पुढच्याच वर्षी त्याच्या कारखानी कृतीचं पेटंट झालं. हा रंग स्वस्त, दर वेळी सारखा आणि तीन वर्षं वाट न पाहता मिळणारा. रंगाऱ्यांनी तो घेतला यात त्यांचा दोष नाही. पण तीन वर्षं शेत अडवून ठेवणारं पीक त्यापुढे टिकेना. तुरटी-हिराकशीचा हिशेब तेवढा राहिला, कारण अलिझारिनलाही तोच लागतो.

बारतोंडीचीच जात आज नोनी म्हणून लावतात, फळांच्या रसासाठी. मुळांची कुणी चौकशी करत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या बांधावर ती असेल, तर झाड न मारता कडेची दोन-चार बारीक मुळं काढा. साल सोलून कुटा, कोमट पाण्यात भिजवा. सुती कापडाचे तीन तुकडे घ्या: एक तुरटीतला, एक हिराकशीतला, एक दोन्हींतला. मंद आचेवर तिन्ही एकाच भांड्यात रंगवा, सावलीत वाळवा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.