कमी वेगातले झटके

श्रोतेहो, नमस्कार. मोटरसायकलची खरी परीक्षा एक्स्प्रेसवेवर नाही, संध्याकाळी सहानंतर लक्ष्मी रस्त्यावर होते. दुसरा गिअर, रेस जेमतेम दिलेली, पुढे रिक्षा. तिथे गाडी झटके मारायला लागली की आपण पहिला संशय कार्बोरेटरवर घेतो. स्लो जेट साफ होतो, हवेचा स्क्रू फिरवला जातो, झटके तसेच. अशा वेळी टायमिंगकडे, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते त्याकडे, बघावं.

पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधीच प्लगला ठिणगी पडावी लागते, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण जळायला वेळ घेतं. १२०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात जेमतेम ७ अंश फिरतो, ६००० ला ३६ अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पडायला हवी. त्यात रेस कमी असली की सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण थोडं आणि मागचा जळका वायू बराच. ते रेंगाळतच जळतं. ठिणगीला उशीर झाला तर गाडी बधिर लागते, सायलेन्सरचा पाइप तापतो. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच धक्का बसतो, किक उलटी मारते.

जुन्या बुलेटमध्ये पॉइंट असतात, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क; त्यांना उघडतो तो कॅम. तिथे टायमिंग पुढे-मागे करतात दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा: वेग वाढला की वजनं बाहेर उघडतात, स्प्रिंगा त्यांना आत ओढतात. स्प्रिंगा सैल पडल्या की वजनं आयडलिंगलाच उघडू लागतात. टायमिंग पुढे जातं, म्हणजे ठिणगी आधी पडते, इंजिन उचल खातं, त्याने वजनं आणखी उघडतात. रेस किंचित कमी केली की सगळं धपकन मागे. हात स्थिर, गाडी मात्र हिसके देते. पॉइंटचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून कॅम चिमटीत धरून फिरवा आणि सोडा. टचकन परत यायला हवा. मध्येच अडकला तर मळ साफ करा. ढिला वाटला तर नाना पेठेतून स्प्रिंगा आणा, आणि बदलाल तर दोन्ही. पॉइंटची गॅप आधी, टायमिंग नंतर. गॅप वाढली की टायमिंग आपोआप पुढे सरकतं, त्यामुळे उलट क्रमाने केलंत तर काम दोनदा.

आकुर्डीच्या बजाजने २००३ मध्ये पल्सरला दोन प्लग दिले. ज्वाला दोन्हीकडून पसरते, म्हणून जळणं लवकर उरकतं आणि टायमिंगही त्याच हिशेबाने बसवलेलं असतं. एक प्लग मेला तरी गाडी चालते, तिथेच फसगत होते: कमी वेगात ती मरगळते आणि दोष मात्र पेट्रोलला दिला जातो. दोन्ही प्लग काढून बघा. बीएस-६ गाड्यांमध्ये टायमिंग ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, ठरवतो, तिथे पान्हा चालत नाही.

आणि हो, यातलं काहीही उघडण्याआधी चेन बघा. ती लोंबत असेल, तर टायमिंग केवढंही नेमकं असो, रेस देता-सोडताना हिसका बसणारच.