झाड पडल्यानंतरचं काम

नमस्कार श्रोतेहो. झाड तोडणारा माणूस शोधला की सापडतो. दोर बांधतो, फांदी-फांदी उतरवतो, बुंधा आडवा करतो आणि संध्याकाळी पैसे घेऊन जातो. मागे अंगणात गुडघाभर पाला, डहाळ्या, भुसा, ओंडके. घंटागाडीवाला म्हणतो, हे आमचं नाही. ते उचलणारा माणूस मात्र शोधूनही सापडत नाही. आज त्या कामाबद्दल बोलायचंय. तोडण्याच्या नव्हे, तोडल्यानंतरच्या. थोड्या भांडवलात स्वतःचं काही सुरू करू पाहणाऱ्यांनी रेडिओचा आवाज जरा वाढवा.

हे काम मला कुठे कळलं ते आधी सांगते. 3 जून 2020, निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तो दिवस. श्रीवर्धनजवळ माझ्या मावशीची वाडी आहे. माड, पोफळी, मधे चार आंबे आणि घराला लागून एक फणस. संध्याकाळपर्यंत निम्मी वाडी आडवी झाली आणि फणस कौलांवर आला. दहा-बारा दिवसांनी कापणारे मिळाले. त्यांनी फणस उतरवला, वाटेवरचे माड तोडले आणि ते पुढच्या घरी गेले. मावशीला विहिरीपर्यंतसुद्धा जाता येईना. वीज नाही, पंप नाही, आणि पाणी वीस पावलांवर.

त्याच आळीतला एक मुलगा मुंबईतली नोकरी गेल्यामुळे गावी आलेला होता. तो कोयता आणि एक लांब काठी घेऊन आला. म्हणाला, "काकू, आज फक्त विहिरीची वाट मोकळी करतो. बाकीचं उद्यापासून." श्रोतेहो, हे वाक्य लक्षात ठेवा. त्यानं आधी ढिगाकडे पाहिलं नाही, घरातल्या बाईला आज काय हवंय ते पाहिलं. काठीनं पाला हलवायचा, थांबायचं, मग हात घालायचा. कोकणात पाल्याखाली फुरशासारखा विषारी साप असतो, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. दुपारी मावशीनं विहिरीतून पहिली कळशी ओढली.

दुसऱ्या दिवशी तो विचारायला आला, "यातलं तुम्हाला काय ठेवायचंय?" कापणाऱ्यांनी हे विचारलं नव्हतं. तो फणस मावशीच्या सासूबाईंनी लावलेला. तिनं दोन पाटांपुरतं लाकूड मागितलं. त्यानं चांगला ओंडका निवडून पडवीत ठेवला आणि मगच बाकीच्याला हात लावला. पोफळीची सरळ खोडं एकीकडे, मांडवाला आणि कुंपणाला. विऱ्या, म्हणजे पोफळीच्या पानांचे बुडाकडचे रुंद भाग, दुसरीकडे. झावळ्या झाप विणणाऱ्या बायकांना. आंब्याचं जळण वेगळं. माडाचे ओंडके मात्र त्यानं उभे चिरले आणि एकही वाडीत राहू दिला नाही. का? कुजणाऱ्या माडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. तोच भुंगा मोठा झाला की उभ्या माडाचा कोवळा कोंब पोखरतो. म्हणजे पडलेला माड वाडीत कुजला, तर वादळातून वाचलेला माडही धोक्यात. पुन्हा सांगते, पडलेला माड वाडीत कुजू द्यायचा नाही.

नवव्या दिवशी अंगण दिसलं. शेवटी त्यानं काय करावं? पडलेल्या माडाच्याच झावळ्यांचे हीर काढले, तिथल्या तिथे खराटा बांधला, त्या खराट्यानं अंगण झाडलं आणि खराटा तुळशीला टेकवून ठेवून गेला. मावशी त्या खराट्याबद्दल अजून सांगते. आळीभर सांगत फिरली तेव्हाच त्याच्याकडे पुढची सहा घरं आली. आजही तो काम संपवून निघताना दारात खराटा ठेवतो.

आता शहरातल्या मंडळींसाठी. मे-जूनच्या वळवाच्या पावसात गुलमोहर आणि रेनट्री कोसळतात आणि आपण वाऱ्याला दोष देतो. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले, मुळांना पाणी आणि हवा कुठून मिळायची? प्रत्येक सोसायटीनं आपल्या झाडाभोवती हातभर तरी माती उघडी ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. असो, विषय कामाचा होता.

सुरुवातीला चेनसॉ घेऊ नका, फांद्यांचा चुरा करणारं यंत्रही घेऊ नका. लागेल त्या दिवशी भाड्यानं आणा. कोयता, कुऱ्हाड, हातकरवत, दंताळं, घमेली, दोर, दोन ताडपत्र्या, जाड हातमोजे, बूट, डोळ्यांना चष्मा, एवढं घ्या. टेम्पो खेपेवर. दर झाडावर ठरवू नका, खेपांवर ठरवा, आणि जागा स्वतः पाहिल्याशिवाय आकडा सांगू नका. फोटोत खालचा ढीग दिसत नाही.

तोडायची परवानगी मालकानं काढायची, पण कागद तुम्हीही पाहा. शहरात 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, परवानगी वृक्ष अधिकाऱ्याकडून. साग, खैर असलं लाकूड हलवायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, आणि तो नसला तर टेम्पो तुमचाच अडकतो. फांदी विजेच्या तारेला टेकलेली असेल तर महावितरणला कळवा आणि लांब थांबा. बिब्ब्याचा चीक अंगाला लागू देऊ नका.

आणि जाळू नका. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळायला मनाई केली, पण नियम नसता तरी सांगितलं असतं, कारण तो धूर शेजारच्या घरातल्या दमेकऱ्याच्या छातीत जातो. पाला रोपवाटिकेला द्या. भुसा एकटा लवकर कुजत नाही, त्यात शेण कालवा. बारीक चुऱ्याचं बागेत तीन-चार बोटं जाड आच्छादन होतं, फक्त रोपाच्या खोडाला चिकटवू नका. जळणाचं गिऱ्हाईक मात्र पारखून धरा. मुंबईत न्यायालयाच्या आदेशानंतर लाकडाच्या भट्ट्यांच्या बेकऱ्यांना गॅसकडे, विजेकडे वळावं लागतंय, त्यामुळे एकट्या बेकरीवर धंदा उभा करू नका.

छोट्या धंद्याची सरकारी नोंद, म्हणजे उद्यम नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पहिलं काम आपल्याच आळीत धरा. ज्यांच्या वाडीत पडलेले माड अजून तसेच आहेत, त्यांनी ते पावसाआधी हलवून घ्या. नमस्कार.