भाकरी अंगणात शेकायची

मंडळी, सांगलीत मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता स्वयंपाकघरात उभं राहून ज्यांनी पाच माणसांच्या भाकऱ्या थापल्यात, त्यांना आजचा विषय समजावून सांगायला नको. बाकीच्यांनी आज घरी जाऊन थापून बघाव्यात.

आपल्याकडे उघड्यावर भाजून खायचे दिवस ठरलेले. थंडीत हुरडा, पावसात कणीस. चैत्रात यात्रांना मटणाची पातेली बाहेर चढतात, पण ते पाव्हण्यारावळ्यांचं जेवण. घरचं रोजचं जेवण उन्हाळ्यात अंगणात न्यावं, असं कुणाच्या मनात येत नाही. आणि ग्रिल म्हटलं की पनीर, सिमला मिरची, बाटलीतला सॉस. मुलं ते खातात आणि रात्री दहाला विचारतात, "आई, भात आहे का?" म्हणून आमच्या ग्रिलवर भाकरी, भरीत, खर्डा आणि आख्खा मसूर, एवढंच होतं.

ग्रिल म्हणजे पत्र्याची लांबट शेगडी आणि वर जाळी. जाळी कुंपणाची चकचकीत घेऊ नका. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. साधी लोखंडी किंवा स्टीलची बरी.

जळणात मी पहिल्यांदा फसले. माहेर तासगावकडचं. एप्रिलात द्राक्षबागांची खरड छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात. फुकटचं सरपण म्हणून पोतंभर आणल्या. सासूबाईंनी एकच विचारलं, "वर्षभर ह्यावर काय काय फवारलंय, ठावं हाय न्हवं?" पोतं बंबाकडे गेलं. तेव्हापासून बाभळीचा कोळसा.

सव्वासहाला पेटवायचा. ज्वाळ आहे तोवर जाळीवर काही ठेवायचं नाही, नुसती काजळी धरते. कोळशावर राखेची साय आली की बहुतेक निखारे एका अंगाला ओढायचे. जाळीवर वीतभर उंच तळहात धरा. तीन-चार आकड्यांतच काढून घ्यावा लागला, तर ती बाजू वांग्यांची. दहापर्यंत सोसवला, तर तिथं मसुराचं पातेलं. (मसूर मी घरात कुकरला आधीच शिजवून घेते. लबाडी आहे, पण आठला जेवायचं असतं.)

वांगी कृष्णाकाठची, हातात हलकी लागणारी. जड वांग्यात बिया फार. सुरीनं चार-पाच ठिकाणी टोचायची. एकदा मी विसरले, आतली वाफ कोंडली आणि वांगं फटाक्यासारखं फुटून निम्मं निखाऱ्यात गेलं. साल काळीठिक्कर होऊ द्या, घाबरू नका, आत गर स्वतःच्याच वाफेवर शिजत असतो. देठाजवळ चिमट्यानं दाबून मऊ लागलं की पातेल्यात झाकून ठेवायचं. दहा मिनिटांत साल आपोआप सुटते. ती नळाखाली धरून काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. सगळा धुराचा वास मोरीत जातो.

आता भाकरी. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकायच्या आत उलटली, इथवर घरच्यासारखंच. मग तवा बाजूला करून ती सरळ जाळीवर. गॅसच्या ज्योतीवर भाकरी फुगते, पण ठिपके करपतात. निखाऱ्यावर ती सगळीकडून सारखी तापते, पापुद्रा टम्म सुटतो. आपल्या आज्या चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यापुढं भाकरी उभी करायच्या. त्यांना ग्रिल कोण शिकवणार?

खरी गंमत मात्र पुढची. घरात थापणारी बाई गरम भाकरी बाहेर पाठवत राहते आणि शेवटची गार भाकरी स्वतः खाते. अंगणात परात ताटांशेजारीच असते. मी थापते, चिमटा यांच्या हातात, आणि पहिल्या भाकरीतला चतकोर माझ्या तोंडात जातो. लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर मला कळलं की माझी भाकरी गरम असताना चांगली लागते.

गेल्या वर्षी ऐन रंगात वळीव आला. वाऱ्यानं राख दह्यात. मुलगा शेगडी उचलून आत आणायला निघाला, तेव्हा मी ओरडले. बंद घरात धुमसता कोळसा कधी नेऊ नका. त्याच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेलं माणूस झोपेतच जातं. शेगडी पावसात राहिली, आम्ही ताटं घेऊन पळालो. एक भाकरी कच्ची उरली होती, ती गॅसवर शेकली.

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "ही तुझी तू खा."